हीटर तडकला, फिल्टर रात्रभर बंद होता, आता मासे वर येऊन धापा टाकतायत

नौपाडा_तळमजला · सोमवार, सकाळी ७:१०

घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. साडेनऊला मला ऑफिसला निघायचंय, त्याआधी काहीतरी करायलाच हवं.

टाकी ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच. खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर ११० लिटरच्या आसपास पाणी. सहा वर्षं चाललीय, कधी मोठा प्रॉब्लेम आला नाही. आत दोन पर्ल गोरामी, आठ ब्लॅक स्कर्ट टेट्रा, पाच कॉरी आणि एक सकर. सकर आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता वीतभर आहे. टाकीखालच्या कपाटात कॅनिस्टर फिल्टर, तिथेच एअर पंप, आणि आत १०० वॉटचा काचेचा हीटर.

काल संध्याकाळी साडेसातला पाणी बदलायला घेतलं. दर रविवारी दोन बादल्या काढते. हीटरचं बटण बंद करायचं राहिलं. पाणी खाली गेलं, हीटर अर्धा उघडा पडला, आणि नणंदेचा फोन कानाला लावून मी नवीन पाण्याची बादली तशीच त्यावर ओतली. टक्क झालं. फार मोठा आवाज नाही, गरम चहाचा ग्लास ओल्या ओट्यावर ठेवला की होतो तेवढाच. म्हणून लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने खडी सारखी करायला हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. किंचाळलेच. नशीब, पायात रबरी स्लीपर होत्या.

हीटर, फिल्टर, पंप, दिवा, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. तो बोर्डच भिंतीतून उपटला. मग चिमट्याने हीटर बाहेर काढला. काच उभी चिरलेली, आत पाणी, आणि बारीक पांढरी वाळू टाकीत सांडलेली. ह्यांची रात्रपाळी होती, घरात मी आणि सासूबाई. पुन्हा काही लावायचं धाडस झालं नाही. तशीच झोपले.

सकाळी साडेसहाला बोर्ड लावला. फिल्टर सुरू झाला तशी नळीतून चहाच्या चोथ्यासारखं काळपट पाणी आलं, वास सडक्या अंड्यांचा. पाच-दहा मिनिटांत सगळे टेट्रा वर. आई म्हणाल्या, तोंडं उघडतायत बिचारे, भूक लागली असेल. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी मूठभर दाणे टाकले. आता दाणे तरंगतायत आणि मासे त्यांच्याकडे बघतही नाहीत.

पाण्यात करंट उतरला म्हणून असं झालंय का? ती वाळू विषारी असते का? सगळंच पाणी फेकून नवीन भरू? आणि हीटरशिवाय आज रात्री थंडीने मरतील का? एअर पंपही धड चालत नाहीये, नुसता घरघरतोय. बोर्डाजवळची फरशी ओली दिसतेय, कालचं सांडलेलं असेल.

नेरुळचा_आजोबा · सोमवार, सकाळी ७:१९

ताई, कारणं नंतर. आधी हे करा.

घरातला मेन स्विच बंद. मग बोर्ड भिंतीतून काढा, पुसा, टाकीपासून लांब आणि उंचावर ठेवा. ओल्या फरशीवरचा बोर्ड मासे मारायच्या आधी तुम्हाला मारेल. आज तो वापरूच नका, दुसरा असेल तर बघा.

फिल्टर बंदच राहू दे. दाणे गाळणीने उचला, एकही ठेवू नका. नंतर एक मग घ्या आणि टाकीतलंच पाणी वीतभर उंचीवरून धारेने परत ओतत राहा, दहा मिनिटं. हात दुखेल. आईंना बसवा त्या कामाला, त्यांनाही बरं वाटेल.

त्यानंतर अडीच बादल्या पाणी काढा आणि तेवढंच भरा. पाणी वरच्या टाकीतलं घ्या, नळाला थेट आलेलं नको. त्यात क्लोरीन मारायचं औषध आधी बादलीत घाला, मग टाकीत. सोसायटीची टाकी या आठवड्यात धुतली असेल तर ब्लीचिंग पावडर असू शकते, तसं असेल तर सांगा. आणि आज काही खायला घालू नका. उद्याही नाही.

मासोळी_घोडबंदर · सोमवार, सकाळी ७:३१

मी तर म्हणेन सगळं पाणी काढा, खडी-बिडी नळाखाली स्वच्छ धुवा, मूठभर खडे मीठ आणि निळं औषध टाका. माझ्याकडे असंच झालं होतं, तेव्हा दुकानदाराने हेच सांगितलं होतं.

नेरुळचा_आजोबा · सोमवार, सकाळी ७:३४

आणि तुमचे मासे वाचले का?

मासोळी_घोडबंदर · सोमवार, सकाळी ७:३६

दोन वाचले.

नेरुळचा_आजोबा · सोमवार, सकाळी ९:०५

चहा झाला, आता सविस्तर.

ताई, मासे करंटने नाही, फिल्टरने अर्धमेले झालेत. फिल्टरच्या डब्यातल्या स्पंजावर आणि सिरॅमिकच्या रिंगांवर जे जिवाणू बसलेले असतात तेच खरं पाणी साफ करतात. माशांच्या गलफड्यांतून आणि मलमूत्रातून अमोनिया निघतो, एक टोळी त्याचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट. नायट्रेट आपण रविवारच्या बादलीतून बाहेर काढतो. या टोळ्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो वाहत्या पाण्यातून मिळतो. कॅनिस्टर म्हणजे झाकण आवळलेला डबा. पाणी थांबलं की आतला ऑक्सिजन दोन-तीन तासांत संपतो. मग ज्यांना ऑक्सिजन नको असतो असले जिवाणू माजतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू करतात. तुमचा डबा अकरा तास बंद होता. सकाळी बटण दाबलं आणि रात्रभर कुजलेलं ते सगळं एका दमात टाकीत आलं.

लाईट गेली की आमच्याकडे मी घड्याळ बघतो. तास-दीड तास झाला आणि लाईट आली नाही की डबा उघडतो, रिंगांची जाळी बाहेर काढून परातीत ठेवतो, वरून टाकीचं पाणी शिंपडत राहतो. हवा लागली की जिवाणू टिकतात. लाईट आली की डब्यातलं जुनं पाणी मोरीत आणि जाळी परत आत. आमची ही म्हणते, माझ्या दह्याच्या विरजणाची एवढी काळजी कधी घेतली नाहीत.

तुम्ही आता तेच करा, उशिरा का होईना. डबा मोरीत नेऊन उघडा. आतलं पाणी ओतून द्या. मघाशी टाकीतून काढलेलं पाणी अजून बादलीत असेल तर त्यात स्पंज दोन-तीनदा दाबून काढा, रिंगा हलक्या हाताने हलवा. नळाखाली धरू नका, नळातलं क्लोरीन उरलेसुरलेही मारेल. खडी धुवायची नाही ती याचसाठी, तिच्यावरही जिवाणू आहेत आणि आता तेवढीच शिल्लक आहे. वास गेला की परत जोडा. सगळे मेले नसतील, पण बरेच गेलेत असं धरून चाला. पुढचे दोन-तीन आठवडे ही नवीन टाकी समजा.

सगळं पाणी एकदम का नाही? जुन्या टाकीतलं पाणी बहुतेक वेळा थोडं आम्लाकडे झुकलेलं असतं. पीएच ७ च्या खाली असला की बराचसा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि ते माशांना फारसं बाधत नाही. त्यात एकदम भरपूर नळाचं पाणी आलं की पीएच वर जातो आणि तोच अमोनिया जहरी होतो. म्हणून आता ४० टक्के, संध्याकाळी पुन्हा २५, असं बेताने.

मिठाचं म्हणाल तर ते अगदी चूक नाही, वेळ चुकीची आहे. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला गलफड्यातून आत शिरू देत नाही. तुमची अडचण आज अमोनियाची आहे, नायट्राइट चार-पाच दिवसांनी येईल. तेव्हाही चिमूटभरच, कॉरीला जास्त मीठ सोसत नाही. निळं औषध तर नकोच. ते बुरशीला मारतं, आणि बिचाऱ्या उरलेल्या जिवाणूंनाही.

एक गंमत लक्षात ठेवा. गोरामी वर दिसला म्हणून घाबरायचं नाही, तो एरवीही वरून हवा घेतो, त्याला तसा अवयवच आहे. कॉरीही मधूनच वर जाऊन घोट घेऊन येते. टाकीत थर्मामीटर असतो तसे टेट्रा समजा. टेट्रा वर आले म्हणजे प्रकरण गंभीर, टेट्रा खाली गेले म्हणजे आपण चहा प्यायला मोकळे.

थंडीने मरणार नाहीत. ठाण्यात जानेवारीतही घरातलं पाणी सहसा २१-२२ च्या खाली जात नाही. हळूहळू उतरलं तर तुमचे सगळे मासे तेवढी थंडी काढतील. उलट गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, आज ते फायद्याचंच आहे. उकळतं पाणी ओतून गरम करायला जाऊ नका. वाळूही साधी असते, आतली तार जागेवर राहावी म्हणून भरलेली. कोळंबी किंवा गोगलगायी असत्या तर धातूच्या तुकड्यांची काळजी केली असती, त्यांना तांबं अजिबात चालत नाही.

कळवा_वायरमन · सोमवार, दुपारी १२:४०

माशांतलं मला कळत नाही, घरी एक फायटर आहे तेवढाच. विजेचं बोलतो.

मासे करंटने का मेले नाहीत? काचेची टाकी लाकडी स्टँडवर, म्हणजे पाणी जमिनीपासून तुटलेलं. फेज पाण्यात उतरला तरी त्याला जायला वाट नाही, पाणी आणि मासे सगळेच एका पातळीला. वाट मिळाली ती ताईंनी हात घातला तेव्हा. स्लीपरमुळे ती अर्धवटच मिळाली. अनवाणी असत्या, फरशी ओली असती, तर ही पोस्ट कोणी लिहिली नसती. रागावू नका, रोज बघतो म्हणून बोलतो.

तुमच्या बोर्डात एमसीबी असेल आणि तो पडला नाही म्हणून सगळं ठीक असं वाटत असेल तर तसं नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. ६ अॅम्पियरचा असेल तर त्याच्या पुढे गेल्यावर तो पडतो. माणसाला मारायला त्या ६ अॅम्पियरचा शंभरावा भागही पुरतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलीअॅम्पियरचा. जेवढी वीज गेली तेवढी परत आली नाही की तो पडतो. जुन्या इमारतींत बरेचदा नसतोच. बसवून घ्या, पण आधी अर्थिंग तपासून घ्या.

अजून एक. हात घालायच्या आधी बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर. जुन्या घरात कोणीतरी कधीतरी उलटी वायर जोडलेली असते, बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तसाच उभा.

वायर टाकीतून निघून सरळ सॉकेटमध्ये नेऊ नका. सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या. वायरीवरून ओघळलेला थेंब झोळीच्या तळाशी टपकतो, सॉकेटपर्यंत चढत नाही.

आणि फरशी ओली का होती हे कोणी विचारलंच नाही. पंप टाकीच्या खाली कपाटात आहे ना?

ऐरोली_सेक्टर५ · सोमवार, दुपारी १:०२

अगदी हेच लिहायला आले होते. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल आणि बंद पडला तर टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं उतरतं, पंपात शिरतं आणि तिथून बोर्डावर. रात्रभर तेच चाललं असणार. म्हणूनच घरघर. माझी अर्धी टाकी एकदा अशीच दिवाणाखाली गेली होती, गावाहून आले तर पाणी एअर स्टोनच्या, म्हणजे नळीच्या टोकाला बुडबुडे सोडणाऱ्या दगडाच्या, पातळीला येऊन थांबलेलं.

नळीत मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा, वीस-तीस रुपयांची वस्तू. बाण असतो, तो टाकीकडे. आणि पंप पाण्याच्या वर, भिंतीला खिळा ठोकून लटकवा. ओला झालेला पंप फेकून द्या, वाळवून वापरू नका. नवीन आणताना यूएसबीवर चालणारा घ्या, फोनच्या पॉवर बँकेवर रात्र काढतो.

नौपाडा_तळमजला · सोमवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे खूप आभार. ऑफिसला गेलेच नाही.

टाकी बघितली, पाणी खरंच रेषेच्या चार बोटं खाली होतं. मी कालपासून समजत होते की मीच कमी भरलं. पंपाचा स्क्रू काढला तर आतून वाटीभर पाणी निघालं.

आईंनी पाऊण तास मगाने पाणी ओतलं. मध्ये मध्ये रामरक्षा. साडेआठच्या सुमाराला टेट्रा हळूहळू मधल्या थरात गेले. डबा मोरीत उघडला तेव्हा एवढा वास आला की वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, गटार तुंबलंय का. स्पंज तीनदा दाबला. फिल्टर परत लावला तर नुसता गुणगुणत होता, पाणी येईना. डबा तिरका करून हलवल्यावर आत अडकलेली हवा बुडबुड करून निघाली आणि चालू झाला.

दुपारी एक टेट्रा गेला. अमोनिया मोजायचं किट आणलं, बाटलीतलं पाणी हिरवं झालं, २ च्या खुणेच्या जवळ. संध्याकाळी पुन्हा दीड बादली बदलली.

आई म्हणतायत, एवढा त्रास आहे तर सकर तरी उपवनला तलावात सोडून ये, मोकळा राहील.

नेरुळचा_आजोबा · सोमवार, रात्री १०:४०

सकर तलावात सोडायचा नाही, ताई. तो इथला नाही, दक्षिण अमेरिकेतला. अंगावर चिलखत, त्याला खाणारं आपल्याकडे फारसं कोणी नाही, आणि काठावर बिळं करून अंडी घालतो. आपल्याकडच्या बऱ्याच तलावांत आणि नद्यांत आधीच पसरलाय. नको असेल तर इथे लिहा, मोठी टाकी असलेला कोणीतरी नेईल.

अमोनिया २ म्हणजे बरंच आहे पण हाताबाहेर नाही. रोज २५ टक्के, आणि रोज किट. आकडे लिहून ठेवा, डोळ्याने काही कळत नाही.

नौपाडा_तळमजला · गुरुवार, रात्री ९:३०

अमोनिया मंगळवारी १, बुधवारी ०.५, आज ०.२५. बुधवारी अजून एक टेट्रा गेला. त्याच्या गलफड्यांचा रंग तपकिरी होता. आज नायट्राइटही दिसतंय, थोडं गुलाबी. आजोबांनी सांगितलं तसं अगदी चार दिवसांनी. किती मीठ घालू? फिल्टरची झाकणाखालची रबरी रिंग सुकून थोडी गळतेय, आई म्हणतात खोबरेल लावू का.

नेरुळचा_आजोबा · गुरुवार, रात्री ९:५०

सपाट चमचाभर साधं खडे मीठ, मगभर पाण्यात विरघळवून दोन तासांत थोडं थोडं घाला. तेवढं पुरे, पुन्हा नको. पाणी बदलायचं चालूच ठेवा. खायला एक दिवसाआड, टेट्राच्या डोळ्याएवढे चार दाणे.

खोबरेल नको, पाण्यावर तवंग येईल. व्हॅसलीनही नको, काही रबरं त्याने फुगतात. सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी मिळते, ती. आधी रिंग पुसून तिच्यात केस किंवा खडीचा कण अडकलाय का ते बघा, दहातल्या आठ वेळा तेच निघतं.

नौपाडा_तळमजला · पुढचा रविवार, संध्याकाळी ६:२०

रिंगेत माझाच केस होता.

अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही किटांवर आज शून्य. सहा टेट्रा, दोन गोरामी, पाच कॉरी. पाचवी कॉरी तीन दिवस दिसत नव्हती, लाकडाच्या पोकळीत होती. सकर आहे तिथेच आहे, त्याला काही झालंच नाही असं वागतोय. हीटर इतक्यात घेत नाही. पुढच्या डिसेंबरात घेतला तर त्याला स्वतःची वेगळी पिन, आणि बादली उचलायच्या आधी ती पिन माझ्या खिशात.

काल ह्यांनी वायरमन बोलावून आरसीसीबी बसवला. त्याने टी लिहिलेलं बटण दाबून दाखवलं, खटकन सगळं घर अंधारात, फिल्टर गप्प, पुन्हा वर केलं, सगळं सुरू. खूष होऊन त्याला चहा दिला. आज सकाळी आईंनी आंघोळीला गीझर लावला आणि पुन्हा खटकन अंधार. तीनदा लावला, तीनदा पडला. मला वाटलं बटणच खराब दिलंय.

कळवा दादा, आरसीसीबी खराब आहे का?

कळवा_वायरमन · रविवार, संध्याकाळी ६:३४

आरसीसीबी ठीक आहे. गीझरच्या एलिमेंटमधून करंट गळतोय. आईंना सांगा, चुलीवर पाणी तापवा दोन दिवस.

नौपाडा_तळमजला · रविवार, संध्याकाळी ६:४१

सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच महिनाभर नळाला हात लावला की मुंग्या यायच्या, मला वाटलं संधिवात.